दरी दिसण्याची हमी

९ फेब्रुवारी

काल महाबळेश्वरहून परत आलो. राग अजून उतरलेला नाही, म्हणून लिहायला बसले. सोसायटीनं यंदा ह्यांना दोन डायऱ्या दिल्या. एकीत हे लिहितात. मिलिटरीतली सवय, चार ओळी खरडल्याशिवाय ह्यांना चैन पडत नाही. दुसरी कपाटात पडून होती, ती आज मी काढली.

झालं ते असं. आमच्या बचत गटातल्या आठ जणी. नवरे नाहीत, पोरं नाहीत, देवदर्शन नाही, लग्न नाही. नुसतं फिरायला जायचं, असं वर्षभर घोकत होतो. बनुबाई तर बाळंतपण आणि मयत सोडून आयुष्यात कुठं मुक्कामाला गेलेली नाही. सोनिया आमच्यात सगळ्यांत लहान, भावकीतली सून. तिनं फोनवर हॉटेल शोधलं. फोटोत खिडकी, खिडकीभर निळी दरी, आणि खाली लिहिलेलं, ‘प्रत्येक खोलीतून दरीचे मनोहारी दर्शन’. तो फोटो आम्ही महिनाभर एकमेकींना दाखवत होतो.

लोणंदहून जीप केली, गात गात घाट चढलो, खोलीत शिरलो. पडदा मी सरकवला. समोर भिंत! हात लांब केला तर लागेल एवढ्यावर शेजारच्या हॉटेलच्या भटारखान्याची भिंत, तिच्यातून बाहेर आलेलं धुराडं आणि कांद्याच्या फोडणीचा वास. एवढा घाट चढून आपल्याच घरी आल्यासारखं झालं.

खाली जाऊन विचारलं तर मालक म्हणाला, “गच्चीतनं दिसते की.” मालक म्हणजे तिशीतला पोरगा, वीरधवल नाव. गच्चीत गेलो. दिसेना. “टाकीवर चढलात तर दिसते.” रंगुबाई साठी उलटलेल्या, पण त्याच आधी टाकीवर चढल्या. दोन झाडांच्या फटीतून हातरुमालाएवढं काहीतरी निळं दिसत होतं. रंगुबाईंचं माहेर-सासर दोन्ही आटपाडीकडचं, जन्म मेंढरांमागं गेला. टाकीवरूनच त्या ओरडल्या, “ह्याला दरी म्हंतूस व्हय रं? आमच्या मेंढराच्या ढेंगातनं याच्यापरीस जास्त दिसतंय!”

दुसऱ्या दिवशी सकाळीच परत फिरलो. येताना कुणी गायलं नाही.

११ फेब्रुवारी

गावभर झालं. दूध घालायला गेले तर डेअरीवर एक जण म्हणतो, “काय काकी, भिंत कशी वाटली महाबळेश्वरची?” सोनियाच्या सासऱ्यांनी जाहीर केलं, बायका एकट्या गेल्या की फसायच्याच, पुढच्या वर्षी जायचं नाव काढायचं नाही. बनुबाईच्या नवऱ्याचं म्हणणंही तेच. ह्यांना विचारलं तर नुसतं “हं.” सुभेदार म्हणून रिटायर झाले, पण घरात हुकूम कधी देत नाहीत आणि कौतुकही करत नाहीत.

मला काही फिरायची हौस नाही. पण बाकीच्या पोरींचं वाईट वाटतं.

१३ फेब्रुवारी

बैठक आमच्या पडवीत. सोनियानं शोधून काढलंय की साताऱ्यात एक ग्राहक संघटना आहे. कोर्ट नाही, कचेरी नाही. गिऱ्हाइकाला आणि दुकानदाराला समोरासमोर बसवतात आणि मध्यस्थ लावून वाट काढतात. फोन कुणी करायचा म्हटल्यावर सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, मला जमणार नाही.

मग केला फोन. बराच वेळ बोलले. ठेवल्यावर बनुबाई म्हणाली, “आगं माले, तू उभी राहून बोलत हुतीस.” लक्षातच आलं नाही माझ्या.

२७ फेब्रुवारी

हॉटेलचं उत्तर आलं. माफ करा, सगळे पैसे परत करतो. हे म्हणाले, “मग मिटलं.” मी म्हटलं, मिटलं कसं? आम्ही पैसे मागितलेच कुठं? हे माझ्याकडं बघत राहिले.

दुपारी आठ जणी जमलो. रंगुबाईंनी एका वाक्यात निकाल लावला. “पैसं घेतलं की गावात म्हंतील, पैशापायी भांडत हुत्या. आपल्याला दरी पायजे.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी संघटनेला कळवलं, पैसे नकोत. पलीकडच्या माणसानं दोनदा विचारलं, “नकोत?”

१९ मार्च

समोरासमोर बसायची तारीख दोन एप्रिल. आज तालीम केली. मी आमच्या बाजूनं बोलणार होते आणि रंगुबाई झाल्या हॉटेलमालक. खुर्चीवर पाय घेऊन बसल्या आणि म्हणाल्या, “बायांनो, तुमी दरी बगायला आलाव का एकमेकींची त्वांडं बगायला? त्वांडं दिसली न्हवं? मग तक्रार कसली?” रंगुबाई जिंकल्या. हसून हसून बनुबाईला उचकी लागली ती गूळ दिला तरी थांबेना.

पण मला काळजी लागली आहे. तो पोरगा असंच बोलला तर?

२ एप्रिल

आज लिहायचं खूप आहे, क्रमानं लिहिते.

सकाळी उठले तर ह्यांनी माझी मोरपंखी साडी इस्त्री करून ठेवलेली. घडी अशी की कागद कापला जाईल. मी म्हटलं, एवढं कशाला, मला काय परेडला जायचंय? हे म्हणाले, “पदराला सुरकुती होती.” जीपही हेच चालवणार म्हणाले. ड्रायव्हर मिळाला नसेल.

संघटनेची जागा साताऱ्यात राजवाड्याच्या अलीकडं, एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर. मध्यस्थ म्हणजे सृष्टी मॅडम, वकील, वय सोनियाएवढंच. “माझी ही पहिलीच मध्यस्थी आहे,” असं म्हणाल्या आणि लगेच जीभ चावली. मग सांगितलं, “मी न्यायाधीश नाही. निकाल देणार नाही. वाट तुम्ही दोघांनीच काढायची. एका वेळी एकानंच बोलायचं.”

“मग आमी आठ जणी कशाला आलोय?” रंगुबाई म्हणाल्या.

वीरधवल कोपऱ्यात बसला होता. घामाघूम. मी बोलायला सुरुवात केली आणि पाठ केलेलं सगळं विसरले. जे आठवलं ते बोलले. फोटो महिनाभर बघितला ते सांगितलं, पडदा सरकवला ते सांगितलं, बनुबाईचं सांगितलं. गावात काय म्हणतात ते सांगितलं. आम्ही हरलो तर पुन्हा कुणी आम्हाला उंबऱ्याबाहेर सोडणार नाही, हेही सांगितलं. बोलता बोलता टेबलावर हात मारला, तर पाण्याचा पेला सांडला तो मॅडमच्या मांडीवर. मॅडम म्हणाल्या, “चालू द्या.”

मग वीरधवल बोलला. हॉटेल त्यानं वर्षापूर्वी दुसऱ्याकडून चालवायला घेतलं. फोटो आधीच्या माणसाचा, तो त्यानं कधी नीट बघितला नाही.

“आरसा बगतूस का न्हाई रं रोज?” रंगुबाई. “मग फोटू कसा बगितला न्हाईस?”

“चुकलं, आजी. म्हणून तर पैसे घ्या म्हणतोय.”

“पैसं नगं.”

“मग काय देऊ?” पोरगा उभाच राहिला. “भिंत शेजाऱ्याची, दरी देवाची! त्यात माझं काय हाय, की मी देऊ? वर्ष झालं. रोज कुणीतरी येतं, पडदा उघडतं आन् वळून माझ्याकडं बघतं. ती तोंडं मला झोपेत दिसत्यात, आजी.”

मग बनुबाईला हसू फुटलं. तिनं पदर तोंडात कोंबला तरी फुटलंच. मग सोनिया, मग आम्ही सगळ्या. वीरधवल आधी रडवेला झाला आणि मग तोही हसायला लागला. मॅडम कागदाआड हसत होत्या. एवढ्या दिवसांचा माझा राग कुठं गेला ते मला कळलं नाही. मी दोनदा आठवून बघितला, पण येईना.

मग मॅडमनी वीरधवलला बाहेर बसवलं आणि आम्हाला एकेकीला विचारलं, “कागदावरचं राहू द्या. तुम्हाला नेमकं काय हवं होतं तिथं?”

बनुबाई म्हणाली, “मी उठायच्या आदी कुणीतरी मला खाटंवर च्या द्यावा.”

सोनिया म्हणाली, “दुपारपर्यंत कुणी हाक मारू नये.”

रंगुबाई म्हणाल्या, “मला घोड्यावर बसायचंय. आमच्याकडं घोडी व्हती, पर तिच्यावर बिऱ्हाड बसायचं. कोंबड्या बसायच्या, कोकरं बसायची. आमी चालायचो.”

बाकीच्यांनीही असंच काहीबाही सांगितलं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, “मला काही नको. माझा तत्त्वाचा प्रश्न आहे.”

“तत्त्व मिळाल्यावर काय कराल?” मॅडमनी विचारलं.

“खिडकीत बसेन,” मी म्हणाले. आणि मग तोंडातून आपोआप यायला लागलं. “आमच्या घराच्या सगळ्या खिडक्यांतून काम दिसतं, मॅडम. पुढच्या खिडकीतून गोठा, मागच्या खिडकीतून भांडी, माडीवरनं ऊस. जिच्यातून मला कुणी बोलावत नाही अशी एक खिडकी पाहिजे.”

असं का बोलून गेले कुणास ठाऊक. उन्हातून गेलो होतो, त्यामुळं असेल. बनुबाईनं माझा हात धरून ठेवला होता. तो मी बऱ्याच वेळानं बघितला.

वीरधवलला आत बोलावून मॅडमनी हे सगळं सांगितलं. तो डोकं खाजवत म्हणाला, “माझ्या हॉटेलात यातलं कायबी न्हाई. पण आईचं घर हाय. स्ट्रॉबेरीचं रान, अगदी दरीच्या काठाला. आई एकटीच असती. तिला विचारायला लागंल.” तिथंच फोन लावला, आवाज मोठा करून. आई म्हणाली, “आठ जणी? येऊ द्यात की. सैपाक कोण करनार?” वीरधवल म्हणाला, “त्या चुलीपाशी जाणार नाहीत, आई. तोच तर मुद्दा हाय.” मग आई म्हणाली, “मग मी तरी का जाऊ? तूच ये की थापायला.”

असं ठरलं मग. दोन रात्री आईच्या घरी. स्वयंपाक वीरधवलनं आणि त्याच्या आचाऱ्यानं करायचा. चहा खाटेवर. घोडा एक, रंगुबाईंसाठी. आणि हॉटेलचा फोटो बदलून खिडकीतून जे दिसतं त्याचाच टाकायचा. हे रंगुबाईंनी घालायला लावलं.

तारीख आमची आम्ही काढायची होती. मेमध्ये सोनियाच्या घरी लग्न, जूनमध्ये पेरण्या, जुलैत तणाची भांगलण, गणपतीत कुणालाच सवड नाही. आठी जणी मोकळ्या असा एकच आठवडा निघाला, ऑगस्टमधला. वीरधवल दचकला. “मावशी, ऑगस्टमध्ये वर ढग असतोय. समोरचा माणूस दिसत न्हाई, तर दरी कुठली!”

“दिसंल,” रंगुबाई म्हणाल्या. “लिवा.”

तेव्हा त्यानं हात जोडून मॅडमना एक वाक्य घालायला लावलं, ‘दरी दिसण्याची हमी हॉटेलमालक देत नाही.’ एवढ्या दिवसांत पोरगा शहाणा झाला म्हणायचा. सह्या झाल्या. मॅडमनी सगळ्यांत शेवटी सही केली आणि पेन टेबलावर ठेवून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. पहिलीच ना! रंगुबाईंनी त्यांची दृष्ट काढली, तिथंच.

खाली आलो तर हे जीपला टेकून उभे. हातात कंदी पेढ्यांचा पुडा. मी म्हटलं, “तुम्हाला कसं कळलं जिंकलो ते?”

“नव्हतं कळलं.”

“आणि हरलो असतो तर?”

“तरी पेढेच,” हे म्हणाले आणि जीप चालू करायला वळले. ह्यांना गोड आवडतं फार.

येताना पार लोणंदपर्यंत गात आलो.

४ एप्रिल

आज काही करायला नाही. म्हणजे कामं आहेत, गोठा आहे, धुणं आहे. पण करायला काही नाही. प्रकरण मिटलं, खरं तर बरं वाटायला हवं. दोनदा फोन हातात घेऊन ठेवला. पित्त झालं असेल.

९ एप्रिल

वरच्या आळीची दगडाबाई आली होती. तिचा नवा कुकर शिट्टीच देत नाही आणि दुकानदार म्हणतो, तुम्हाला ऐकू येत नसेल. मी म्हटलं, बस. सगळं पहिल्यापासून सांग.

पित्त उतरलं.

२२ जून

पाऊस चांगला आहे. हे हल्ली चुलीपाशी घुटमळतात. मी पीठ मळायला लागले की मागं येऊन उभे राहतात, बघत बसतात. वयोमानानं थंडी वाजत असेल. स्वेटर काढून दिला तर घालत नाहीत.

१५ जुलै

भांगलणीनं कंबर मोडली. सोनियानं आज बांधावर फोन दाखवला. वीरधवलनं खरंच भिंतीचा फोटो टाकलाय, धुराड्यासकट. खाली लिहिलंय, ‘खिडकीतून भिंत दिसते. फोडणीचा वास येतो.’ त्यावर पुण्याच्या कुणीतरी लिहिलं आहे, ‘वास खरोखर येतो. भूक लागते. पाचपैकी पाच.’ रानात बसून आम्ही इतक्या हसलो की पलीकडच्या वावरातले गडी उठून उभे राहिले.

दगडाबाईच्या कुकरला शिट्टी नवी मिळाली. आता तो थांबतच नाही म्हणते.

१८ ऑगस्ट, हरणाबाईंचं घर

पोचलो. सोनियाचे सासरे शेवटपर्यंत कुरकुरत होते, पण लिहून झालेलं आहे म्हटल्यावर गप्प बसले. निघताना हे म्हणाले, “घरचं मी बघतो.” मी तीन दिवसांच्या भाकरी करून ठेवणार होते, तर नको म्हणाले. काय खाणार आहेत देव जाणे.

वीरधवलची आई, हरणाबाई, माझ्याहून थोड्या मोठ्या. अंगावर दोन शाली. दारात आमची वाट बघत उभ्या होत्या, पण आम्ही अंगणात येईपर्यंत त्या आम्हाला दिसल्या नाहीत. इतकं धुकं. घर आहे हेसुद्धा पायरीला ठेच लागल्यावर कळलं.

मोठ्या खोलीत मोठी खिडकी. सगळ्या मागं उभ्या राहिल्या आणि मला म्हणाल्या, उघड. उघडली. पांढरं! वर पांढरं, खाली पांढरं. खिडकीबाहेर हात काढला तर बोटंसुद्धा दिसेनात. मागं वळून बघते तर वीरधवल दारात, हातात लाटणं, चेहरा कासावीस. “मावशी, मी सांगितलं हुतं. लिहून घेतलंय मी.”

पहिल्यांदा कोण हसलं ते आठवत नाही. जमिनीवर बसून हसलो. हरणाबाई आधी बघत राहिल्या, मग त्याही खाली बसल्या.

१९ ऑगस्ट

सकाळी बनुबाईला खाटेवर चहा. तिनं कप हातात घेतला आणि पिईचना. “थांबा की, जरा बगू द्या मला असं.” शेवटी गार झाला. वीरधवलनं दुसरा आणला.

सोनिया दुपारी दोन वाजता उठली, अंगावर गोधडीच्या सुरकुत्या घेऊन. कुणी हाक मारली नव्हती. “मीच जागी झाले,” असं ती दोनदा म्हणाली.

घोडा आला. घोडेवाला पावसात लगाम धरून चालायला लागला, तर रंगुबाईंनी त्याच्या हातातून लगाम काढून घेतला आणि दोघंही धुक्यात गेले, रंगुबाई आणि घोडा. नुसत्या टापा ऐकू येत होत्या. मधूनच “हुर्र्र!” घोडेवाला आमच्यापाशी उभा राहून म्हणत होता, “आजींना सवय हाय का वो?” मी म्हटलं, “चालायची हाय.” परत आल्या त्या ओल्याचिंब आणि ताठ. उतरायला तयार नाहीत. “ह्याच्यावरनं समदं बारीक दिसतंय,” म्हणाल्या. काय दिसलं त्यांना, त्या धुक्यात?

मी खिडकीत बसले. जेवण झाल्यावर बसले ते दिवे लागेपर्यंत. काही दिसलं नाही. उठावंसंही वाटलं नाही. ह्यांचा फोन आला तेव्हा तेवढ्यापुरती उठले. हे म्हणाले, “भाकरी फुगली.” मी म्हटलं, “कुणाची?” तर म्हणाले, “हं.” आणि ठेवला. काही कळत नाही ह्यांचं. शेजारणीनं करून दिली असेल.

संध्याकाळी हरणाबाई शेजारी येऊन टेकल्या. मग म्हणाल्या, “माणसं पार कुठनं कुठनं येत्यात ही दरी बगायला. मी हितं बसले की दरीकडं पाठ आन् चुलीकडं त्वांड. आज पैल्यांदा हिकडनं बसले.”

“पण दिसत कुठं काय आहे?”

“त्येच की,” त्या म्हणाल्या आणि हसल्या. “बरं वाटतंय.”

२० ऑगस्ट, जीपमध्ये

अक्षर हलतं आहे, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सकाळी निघायची तयारी. वीरधवल अंगणात छत्री घेऊन उभा, हाताला कोपरापर्यंत पीठ. दोन दिवसांत त्याच्या भाकरीला आकार यायला लागला होता. रंगुबाईंनी त्याच्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “गड्या, दरी न्हाई दिली, पर बाकी समदं दिलंस.” त्यानं वाकून नमस्कार केला तेव्हा छत्री उलटी झाली.

आम्ही जीपमध्ये बसलो. मोजून बघितलं, तर एक जास्त. हरणाबाई मागच्या बाकावर बनुबाई आणि सोनियाच्या मधे बसलेल्या, मांडीवर पिशवी, पायांत चपला, शाली दोन्ही.

“आई?” वीरधवल खिडकीशी आला. “तू कुठं निघालीस?”

“ह्यांच्या गावाला.”

“आगं, पण... कशाला?”

हरणाबाईंनी पुढं वाकून मला विचारलं, “माले, तुमच्याकडं ऊन हाय का गं?”

“हाय की,” मी म्हणाले. “ऑगस्टात पण पडतं.”

“मग चला,” हरणाबाई म्हणाल्या आणि बनुबाईच्या पलीकडं हात घालून काच वर केली.